बूड शेवटपर्यंत राहू द्या

पत्र

माझं वय ६३. महिन्यापूर्वी पाय घसरून हिचं उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. बाकीचं बरंच जमायला लागलंय, मीठसुद्धा आता बेताचं पडतं. घोडं अडतं ते कांद्यापाशी. तीन कांदे चिरायला मला अर्धा तास लागतो. दोन्ही टोकं उडवून, साल काढून चिरायला घेतो, तर अर्ध्यातच पाकळ्या सुटतात आणि बोर्डभर घसरतात. तुकडे कुठे वाळूएवढे, कुठे शर्टाच्या बटणाएवढे. कढईत बारके करपतात आणि मोठे कच्चे राहतात. डोळ्यांना धारा लागतात त्या वेगळ्याच. ही खुर्चीत बसून 'जरा हात उचला' म्हणते. मुलीने एक व्हिडिओ पाठवला, त्यातला माणूस दहा सेकंदांत कांदा संपवतो. तसं करायला गेलो आणि डाव्या हाताची तर्जनी कापून घेतली. सुरी फार धारदार नाही, मुद्दामच, नवशिक्याच्या हातात नको म्हणून. फ्रीजमध्ये ठेवलेला कांदा, तोंडात धरलेला ब्रेड, पाण्याखाली चिरणं, यातलं खरं काय? आणि हिचं प्लास्टर निघालं की कांदे परत हिच्याकडे द्यायचे का?

– डोळे पुसत

उत्तर

काका, नमस्कार.

आधी बोटाचं. तुमचं एव्हाना भरत आलं असेल, पण पुढच्या वेळेसाठी सांगते. बोट वाहत्या पाण्याखाली धुवायचं, स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचं आणि मधे उघडून 'थांबलं का' बघायचं नाही. तेवढ्यानेही रक्त थांबलं नाही किंवा जखमेच्या कडा मिटत नसल्या तर सरळ दवाखाना गाठायचा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थबकले ते घेऊ. 'सुरी फार धारदार नाही, मुद्दामच.' काका, तुमचं बोट त्या सावधगिरीनेच कापलंय. सालीखालचा कांदा गुळगुळीत आणि ओला असतो. धार असलेलं पातं त्यावर टेकलं की जागच्या जागी रुततं. बोथट पातं आधी घसरतं, मग आपण जोर लावतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली की ती बोटावरच येते. धारदार सुरीला जोर लागत नाही, म्हणून ती आपल्या ताब्यात राहते.

डोळ्यांच्या धाराही पुष्कळशा त्या सुरीमुळेच आहेत. कांद्याच्या प्रत्येक पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. कांदा अख्खा असतो तोवर ती दोघं एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून अख्ख्या कांद्याचा डोळ्यांना काही त्रास नाही. पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि शेवटी एक वायू तयार होतो. तो वायू तयार करणारं खास वेगळं विकर कांद्यात असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. पुढे २०१३मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ना, ते. कांद्याने रडवणाऱ्या शोधाला हसवणारं बक्षीस, जागा बरोबर सापडली म्हणायची.

तर जितक्या पेशी फुटणार तितका वायू. धारदार पातं पेशींच्या एका ओळीतून निघून जातं, बोथट पातं आजूबाजूच्या ओळीही चेंगरतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०२५ साली वेगवान कॅमेरे लावून नेमकं हेच पाहिलं गेलं. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी वाकतो, आत दाब साठतो आणि फुटताना रसाचे बारीक थेंब कारंज्यासारखे वर उडतात. पातं जितकं बोथट आणि घाव जितका वेगाचा, तितके थेंब जास्त. म्हणजे बोथट सुरी घेऊन व्हिडिओतल्या माणसाच्या वेगाची नक्कल करताना तुम्ही आपल्याच डोळ्यांवर पिचकारी धरली होती.

घरी हे ओळखायला कॅमेरा लागत नाही. एक कांदा चिरून झाला की बोर्ड बघा. पाण्याचं थारोळं साचलं असेल तर कांदा चिरलेला नाही, चेचलेला आहे. आवाजही ऐका. बोथट सुरीचा आवाज कच्चकन येतो, धारेची सुरी सर्रकन उतरते. तेव्हा कांद्याचं बाकी सगळं तंत्र बाजूला ठेवा आणि आधी सुरीला धार लावून आणा, किंवा एक साधा धार लावायचा दगड घरात घ्या. पातं १८ ते २० सेंटीमीटरचं असलं की कांदा एका घावात दुभंगतो; फळं सोलायच्या चिमुकल्या सुरीने तो करवतावा लागतो. बोर्ड लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या. काचेवर, स्टीलच्या ताटात किंवा थेट ओट्याच्या दगडावर चिरलं की आणलेली धार पार जाते. बोर्डाखाली ओलं फडकं पिळून अंथरा, म्हणजे बोर्ड जागचा हलणार नाही. हे फडकं फुकटचं आहे आणि महागातल्या महाग सुरीपेक्षा जास्त बोटं वाचवतं, असं माझं मत आहे.

आता पाकळ्या का सुटतात ते. एक कांदा हातात घ्या आणि उलटा करून त्याचं बूड बघा. सुकलेल्या मुळांचा झुबका दिसतो, त्याच्या आत चकतीसारखा एक घट्ट भाग असतो. कांद्याचं खरं खोड तेच. एकेक पापुद्रा म्हणजे त्या खोडावरच्या पानाचा फुगलेला तळ. सगळे पापुद्रे तिथे आणि फक्त तिथेच एकमेकांना धरून असतात. वर शेंड्याकडे ते नुसते जवळजवळ उभे असतात, कुणाचा कुणाला आधार नसतो. तुम्ही पहिल्याच घावाला बूड उडवता, म्हणजे वही उघडायच्या आधीच तिची शिवण उसवता. मग पानं वाऱ्यावर जाणारच.

बूड शेवटपर्यंत राहू द्या. सगळी गोम यातच आहे. पुढचं मी सांगते ते पहिल्यांदा एका कांद्यावर करून बघा, घड्याळ न लावता.

शेंड्याकडचं टोक बोटभर जाडीचं उडवा. बुडाकडे नुसती मुळं खरडून किंवा अगदी पातळ छाटून टाका, चकती कापली जाऊ देऊ नका. कांदा शेंड्याच्या कापलेल्या बाजूवर उभा करा. तो आता डुगडुगत नाही. बुडाच्या बरोबर मधून सुरी खाली आणा. दोन अर्धे झाले आणि दोघांच्याही टोकाला अर्धं अर्धं बूड राहिलं. साल आता सोला, आधी नाही. अख्ख्या कांद्याची साल नखांनी खरवडत बसायचं, हे आपण उगाच शिकलोय. अर्ध्या कांद्याची साल कापलेल्या कडेला धरून ओढली की एका हिसक्यात येते. खालचा पहिला पापुद्रा चामट किंवा अर्धवट सुकलेला असेल तर तोही सालीबरोबर जाऊ द्या. त्याला वाचवायला गेलं की तोच सुरीखाली घसरतो.

अर्धा कांदा सपाट बाजूवर पालथा घाला. गोल वस्तू कापताना आधी तिला बसायला सपाट जागा करून द्यायची, हे कांद्यालाच नाही, कशालाही लागू आहे. बूड डाव्या हाताच्या बाजूला, शेंडा उजवीकडे. डाव्या हाताची बोटं टोकाशी आत वळवा, मांजराने पंजा टेकावा तशी. नखं मागे, पेरं पुढे, अंगठा सगळ्यांच्या मागे दडलेला. सुरीच्या पात्याची बाजू मधल्या बोटाच्या पेराला घासत वर-खाली होते, त्यामुळे सुरी कुठे आहे ते न बघताही कळतं. उजव्या हाताने नुसती मूठ धरू नका. अंगठा आणि तर्जनी मुठीच्या पुढे सरकवून पात्याचा मागचा भाग चिमटीत धरा. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होईल.

मग शेंड्याकडून बुडाच्या दिशेने उभे चिरे पाडा, पण बुडाच्या अर्धा इंच अलीकडे थांबा. कांदा आता कंगव्यासारखा दिसतो: दाते सुटे, पाठ जोडलेली. कांदा तसाच ठेवून शेंड्याच्या बाजूने आडवं कापत या. चौकोनी तुकडे आपोआप पडत जातात आणि बुडाला घट्ट धरलेला बाकीचा कांदा जागचा हलत नाही.

शेवटी बुडाजवळ दोन बोटं रुंदीचा बुटका तुकडा उरतो. तिथे सांभाळा. त्याला उभा धरून शेवटचे दोन काप काढायच्या हव्यासात मी एकदा अंगठ्याचं नख अर्धं उडवलंय. तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून ओरडताही आलं नाही. आता मी तो तुकडा रुंद बाजूवर आडवा पाडते, भोवतीने जेवढं निघेल तेवढं चिरते आणि बूड टाकून देते.

तुकड्यांच्या आकाराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमची खरी तक्रार करपण्याची आहे आणि ती आकारातूनच येते. पालथा घातलेला अर्धा कांदा शेंड्याच्या बाजूने बघितला की एकात एक बसलेल्या कमानी दिसतात. मधोमध, कमानीच्या माथ्याशी, पापुद्रे आडवे असतात, म्हणून सरळ खाली आणलेली सुरी त्यांना नीट कापते. कडेला, बोर्डाजवळ, तेच पापुद्रे उभे होतात. तिथे सरळ उभी सुरी त्यांना कापत नाही, त्यांच्या शेजारून निघून जाते. तुमचे बटणाएवढे तुकडे त्या कडांचे आहेत.

यावर जुना उपाय म्हणजे पातं बोर्डाला समांतर धरून एक-दोन आडवे चिरे आत घालायचे. मला तो घरच्या स्वयंपाकात पटत नाही. वरून हात दाबलेला, खालून सुरी आत शिरतेय, आणि नवशिक्याला ती कुठे पोचली ते दिसत नाही. त्यापेक्षा सुरी तिरकी करा. मधे सरळ, आणि कडेकडे जाल तसं पातं थोडं थोडं आत कलतं ठेवायचं, सूर्याची किरणं काढतात तसं. मात्र सगळ्या किरणांचा रोख कांद्याच्या केंद्रावर धरलात तर मधले तुकडे सुईसारखे बारीक होतात. रोख केंद्राच्या खाली, बोर्डाच्याही खाली हवा. किती खाली, याचं गणित डिलन पोल्सन नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने मांडलंय. जे. केंजी लोपेझ-आल्ट या पाककलेच्या लेखकाने आधी सुचवलेला आकडा त्याने तपासून पाहिला आणि उत्तर काढलं: कांद्याच्या त्रिज्येच्या ०.५५७ पट. कांदा आठ सेंटीमीटर रुंद असेल तर बोर्डाखाली साधारण सव्वादोन सेंटीमीटर. फूटपट्टी काढू नका. ओट्याच्या दगडात एक खिळा ठोकलाय आणि सगळे चिरे त्याच्याकडे चाललेत, एवढं मनात धरलं तरी तुमचे बटण आणि वाळू बरेच जवळ येतील. बारीक तुकडे लागत नसतील तेव्हा हेही सोडून द्या. तासभर शिजून विरघळणाऱ्या कांद्याचे तुकडे मोजायला कोणी येत नाही.

नुसते लांब काप हवे असतील तर दिशेकडे लक्ष द्या. कांद्याचे धागे बुडापासून शेंड्याकडे जातात. त्याच दिशेने उभा चिरलात तर काप शिजतानाही आपला आकार धरून राहतात. आडव्या चकत्या केल्यात तर धागे आखूड तुटतात, काप लवकर मऊ पडतात. कच्चा खायचा असेल तर उभा पातळ चिरा आणि दहा मिनिटं गार पाण्यात टाकून निथळून घ्या. वरचा झोंबरा रस धुऊन जातो. चॉपरच्या भांड्यात कांदा घालणार असाल तर एकेक झटका देऊन थांबा. सलग फिरवलात तर तुकडे होत नाहीत, लगदा होतो, आणि लगदा परतला जात नाही, आधी आपल्याच पाण्यात शिजत बसतो.

आता तुमची यादी. ब्रेडचा काही उपयोग नाही. वायू डोळ्यांत जातो आणि ब्रेड तोंडात असतो. पाण्याखाली चिरलं तर वायू पाण्यातच अडकतो हे खरं, पण निसरडा कांदा, ओले हात आणि पाण्याखाली न दिसणारं पातं, हे त्रिकूट तुमच्या तर्जनीला परवडणार नाही. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवलेल्या कांद्याने थोडा फरक पडतो, कारण थंडीत तो वायू कमी उडतो. पण कांद्यांची टोपलीच फ्रीजमध्ये नेऊ नका, दमट जागेत ते मऊ पडतात.

खात्रीचा उपाय पोहण्याचा चष्मा. चेष्टा नाही. तो डोळ्यांभोवती घट्ट बसतो, आत हवा जात नाही, संपला विषय. नेहमीच्या चष्म्याला चारी बाजूंनी फटी असतात. चष्म्यावरून आठवलं, तुमच्या वयाला जवळचं बघायला चष्मा लागत असेल आणि कांदा चिरताना तो धुरकटतो म्हणून तुम्ही काढून ठेवत असाल. मग नीट दिसावं म्हणून वाकून चेहरा थेट कांद्यावर नेत असाल. वायू वर येतो आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभे. बोर्डावर चांगला उजेड पडेल असं करा, पाठ सरळ ठेवा, चेहरा हातभर लांब. एक छोटा पंखा बाजूने लावा, किंवा चिमणी असेल तर बोर्ड तिच्याखाली ठेवून ती चालू करा. चिरून झालेला कांदा समोर ढीग करून ठेवू नका, झाकणाच्या डब्यात टाकत जा. आणि डोळे चुरचुरले की मनगटाने, बाहीने, कशानेही चोळू नका. आधी साबणाने हात, मग गार पाण्याने डोळे.

अर्धा कांदा उरला तर बंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत वापरून टाका. चिरलेला कांदा हवेतले जंतू शोषून विषारी होतो, असा निरोप तुम्हाला फोनवर कधीतरी आला असेल. तो खोटा आहे.

वेगाचं म्हणाल तर त्या व्हिडिओतल्या माणसाने आजवर हजारो कांदे चिरलेत, आणि तुमच्या मुलीने तो उत्तेजन म्हणून पाठवला असेल, स्पर्धा म्हणून नाही. रोज तीन कांदे असेच सावकाश चिरलेत तर दोन-तीन आठवड्यांत हात आपोआप वेग धरेल. मुद्दाम वेग वाढवायला जाऊ नका. असे व्हिडिओ बघून नाकाने कांदे सोलणारे खूप भेटतात, सुरीने नीट चिरणारे कमी.

राहिला शेवटचा प्रश्न. प्लास्टर निघालं म्हणजे मनगट पूर्ववत झालं, असं नसतं. आतले सांधे आखडलेले असतात, पकडीचा जोर परत यायला आणखी काही आठवडे जातात, आणि सुरी धरून दाब देणं हे नेमकं त्या पकडीचंच काम. डॉक्टर हो म्हणेपर्यंत कांदे तुमच्याकडेच. काकूंना फार करमत नसेल तर डाव्या हाताला निवडायचं काम द्या: हाताला घट्ट लागणारे, कोरड्या सालीचे, मान बारीक असलेले, कोंब न फुटलेले. मऊ मानेचा कांदा आतून सडायला लागलेला असतो आणि त्याचे पापुद्रे कितीही चांगल्या सुरीखाली घसरतात. ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर ओळखता येईल.